पुडीत काय आहे, हे बेकरीवाल्याने विचारावे

अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, पहाटे लादीपाव पुरविणाऱ्या कित्येक बेकऱ्या आमच्या बांधवांच्या आहेत. भट्टीवर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण मैद्यात घालायच्या इम्प्रूव्हरच्या पुडीत काय आहे, असे विचारले की उत्तर मिळते, "ते सेल्समनला ठाऊक!" हे उत्तर आम्हांला पटत नाही.

आम्ही कापडवाले. कोऱ्या कापडाची खळ काढण्यासाठी प्रोसेस हाऊसमध्ये अमायलेज नावाचे एन्झाइम वापरतात. ते खळीतील स्टार्च तोडते. पावाच्या कणकेतही त्याचे हेच काम. स्टार्च तुटून साखर होते, ती खाऊन यीस्ट वायू सोडते, ग्लुटेनची जाळी तो वायू धरते आणि पाव फुगतो. आपला गहू कोरड्या उन्हात कापला जातो, त्यामुळे त्यात अल्फा-अमायलेज कमी असते. म्हणून बुरशीपासून केलेले एन्झाइम चिमूटभर घालतात. कमी पडले तर पाव बसका होतो, जास्त झाले तर आतून चिकट.

यात गैर काही नाही. गैर आहे ते न विचारता घालणे. पोटॅशियम ब्रोमेट वर्षानुवर्षे चालत होते, २०१६ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. एल-सिस्टीन पिसांपासूनही बनते, केसांपासूनही. गिऱ्हाइकाने हलालचे विचारले, तर जबाब सेल्समन देणार काय?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडण्यास सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बेकरीवाल्यांची धावपळ झाली. पावाचा तांबूस रंगही कणकेतल्या साखरेवर अवलंबून असतो. भट्टी बदलली की आच बदलते आणि हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. नुसत्या अंदाजाने तो जमणार नाही.

आमची सूचना साधी आहे. पुडीवरची यादी वाचा. एन्झाइम कशापासून केले, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. एका भागातील पाच-दहा बेकऱ्यांनी मिळून मैदा तपासून घ्यावा, खर्च वाटून जाईल. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय संस्थेत दळण आणि बेकरीचा स्वतंत्र विभाग आहे. घरातील एखादा शिकलेला मुलगा हे शास्त्र शिकायला पाठवा. हुनर बापजाद्यांनी दिला आहे, त्याला इल्मची जोड मिळाली तर धंद्यात बरकत राहील, इन्शाअल्लाह.