शाळिग्राम नदीत सोडण्याआधी

कुपवाडच्या एमआयडीसीत नव्या शेडचा पाया खणत असतील, तिथे जरा डोकावून पाहा. मुरूम संपला की काळा कातळ लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा दख्खनचा लाव्हा. त्यात समुद्रातले शंखशिंपले शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. म्हणून समुद्री जीवाश्मांचा नाद असलेली माणसं कच्छच्या टेकड्यांत फिरतात, तमिळनाडूत अरियलूरच्या चुनखडीच्या खाणी गाठतात. सांगली-मिरज-कुपवाडच्या नकाशाकडे त्यांतलं कुणी ढुंकूनही पाहत नाही.

पण जुन्या घरांतले देव्हारे उघडा. ताम्हनात, तुळशीपत्राखाली, तेलाच्या हाताने गुळगुळीत झालेला काळा गोल दगड असतो. शाळिग्राम. अनेक शाळिग्रामांच्या पोटात जे चक्र दिसतं, तो अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा शंख आहे. कोकणात ताटात येणारा माकूल आणि अष्टपाद हे या प्राण्याचे दूरचे नातलग. १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी, भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र पसरला होता तेव्हा, हे प्राणी मेले की तळाच्या चिखलात रुतत. त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोटा बनला. पुढे भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला, आणि आता नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरातून वाहणारी काली गंडकी तेच गोटे डोंगरातून सोडवून खाली आणते.

हिशोब मांडून पाहा. आपल्या घराच्या पायाखालच्या कातळापेक्षा देव्हाऱ्यातला दगड दुपटीहून जुना आहे. आणि ज्या काळात हा कातळ लाव्हा होऊन वाहत होता, नेमक्या त्याच सुमाराला अमोनाइटांचा वंश पृथ्वीवरून संपला. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा त्यात मोठा हात होता. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या वंशाचा एक शंख दख्खनच्याच लाव्ह्यावर उभ्या असलेल्या घरात रोज गंध-अक्षता घेतो, हा योग मला तरी विलक्षण वाटतो.

हेच दगड आता नदीत चालले आहेत. वाडा पडतो, तिथे अपार्टमेंट होते. मुलगा पुण्यात, नाहीतर परदेशात. "देवांचं रोजचं करणार कोण?" हा प्रश्न निघतो, त्यावर घरात चर्चा होते आणि मग एका सकाळी पिशवी हरिपूरच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर रिकामी होते. हेतू चांगलाच असतो. दगडाला चीर गेली असली तर मनाची तयारी आणखी लवकर होते. खरं तर परंपरा याच्या उलट सांगते: शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही आणि तो भंगला तरी पूज्यच राहतो. मूर्तीचा नियम त्याला लावायचा नसतो. हे एवढं जरी घरोघर पोचलं तरी निम्मं काम होईल.

दगडाबरोबर दुसरंही काही बुडतं. हा शाळिग्राम कोणत्या पणजोबांनी आणला, यात्रेहून आणला की काशीच्या बाजारातून घेतला, की कुणा भिक्षुकाकडून मिळाला, हे घरातल्या एखाद्याच वृद्ध माणसाला ठाऊक असतं. ठिकाण ठाऊक नसलेल्या जीवाश्माची अभ्यासातली किंमत खूप घटते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी नदीकाठची किती कागदपत्रं आणि फोटो नेले, ते इथे कुणाला सांगायला नको. तोंडी माहितीला तर पुराचीही गरज नाही. ती एका पिढीत जाते.

शाळिग्राम ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. चक्रं किती, मुखाचा आकार कसा, रंग कोणता, रेषा कुठून कुठे गेली, हे पाहून लक्ष्मीनारायण, दामोदर, वामन, नृसिंह, हिरण्यगर्भ असे प्रकार पुराणांनी ठरवले. ज्या दगडांवर सोनेरी झाक असते ती बहुधा माक्षिक या लोह-गंधकाच्या खनिजाची. आणि ही चक्रं वज्रकीट नावाच्या किड्याने कोरली, ही कथा पाहा. चक्राचा संबंध सजीवाशी आहे, इथपर्यंत कल्पना पोचली होतीच! इंग्लंडमध्ये व्हिटबीच्या लोकांना हेच अमोनाइट म्हणजे संत हिल्डाने दगड केलेले साप वाटत. दुकानदार त्यांना डोकी कोरून विकत. पुढे शास्त्रज्ञांनी एका प्रजातीचं नावच हिल्डोसेरास ठेवलं. श्रद्धा आणि अभ्यास एकाच दगडावर नांदू शकतात.

या दगडांचा अभ्यास हे काम प्राध्यापकांचं, आपलं नाही, असं कुणी म्हणेल. पण कच्छचे अमोनाइट जगापुढे आले ते कॅप्टन ग्रँट या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातून. १८४० मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीने त्यांची वर्णनं छापली. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी टाकळीच्या परिसरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म वेचत हिंडायचा, आणि त्याच्या नोंदींवाचून मध्य भारताच्या भूशास्त्राचं पान पुढे सरकत नाही. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो पाण्यात बुडून गेला. दोघांचाही पोटापाण्याचा धंदा वेगळा होता.

कुपवाडकडे तर असं एक कौशल्य आहे जे त्या दोघांकडे नव्हतं. इथल्या कारखान्यांतला टर्नर, फिटर रोज व्हर्निअर कॅलिपर हाताळतो. अमोनाइट ओळखण्याची सुरुवात मापांनीच होते: शंखाचा एकूण व्यास, मधल्या खळग्याची रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची आणि जाडी. ही चार मापं घ्या, त्यांची गुणोत्तरं काढा. मग बाहेरच्या वेढ्यावर बरगड्या किती, त्यांना फाटे फुटतात का, आणि कडेवरून त्या सलग जातात की मध्ये तुटतात, ते बघा. हिमालयातल्या ब्लॅनफर्डिसेरास या प्रजातीत त्या दुभागतात आणि कडेच्या मध्यरेषेवर तुटतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरला की न दिसणाऱ्या बरगड्याही सावलीने उठून दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत तर एखाद्या झिजलेल्या जागी कप्प्यांच्या भिंतींची नागमोडी नक्षीही सापडेल. अर्धा सूत इकडेतिकडे झालं तर जॉब रिजेक्ट होतो, हे ज्याला माहीत आहे त्याला हे शिकवायला वेळ लागणार नाही.

"देवाला मोजायचं?" असं घरातलं कुणी विचारेल. विचारू द्या. आवळ्याएवढा शाळिग्राम उत्तम, हे सांगणाऱ्यांनीही आकार पाहिलाच होता. दगड कुणाकडे द्यायचा नाही, संग्रहालयात पाठवायचा नाही. पूजा चालू ठेवा, फक्त नोंद करा. बंद गोटा आत काय आहे ते पाहायला फोडू नका. ॲसिडने, तारेच्या ब्रशने घासू नका. पाणी आणि मऊ कापड पुरे. दोन भागांत उघडणारा दगड असेल तर एका भागातल्या चक्राचा उलटा ठसा दुसऱ्यात आहे का, ते पाहा. कोरून बनवलेली नक्कल तिथे बऱ्याचदा उघडी पडते. ऑनलाइन नवे शाळिग्राम विकत घेऊन संग्रह वाढवायच्या फंदात मात्र पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा उगम ठाऊक नाही असा दगड कपाटात शोभतो, अभ्यासात नाही.

शाळा-कॉलेजच्या शिक्षकांनी पुढाकार घेतला तर मुलं सुट्टीत आपल्या आणि शेजारच्या घरांतून नोंदीची कार्डं भरून आणू शकतील: चार मापं, तीन बाजूंचे फोटो (शेजारी पट्टी ठेवून), कुणी आणला, कुठून, कधी, आणि घरात त्याला कोणत्या नावाने ओळखतात. शेवटचा रकाना विसरू नका. अडेल तिथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जीवाश्मांचा अभ्यास करणारी माणसं आहेत. फोटो आणि मापं नीट असली तर त्यांना सांगण्यासारखं काही तरी हाती राहील.

कार्तिकात तुळशीची लग्नं लागतात. ज्या घरांत नवरदेव म्हणून शाळिग्राम मांडतात तिथे तो त्या आठवड्यात पाटावर येतोच. मंगलाष्टकं झाली, चिरमुरे-बत्तासे वाटले की देव्हाऱ्यात परत ठेवण्याआधी पाच मिनिटं व्हर्निअर लावा. आजी जवळ बसलेली असेल. तो कुणी आणला, हे तिला तेव्हाच विचारा आणि कार्डावर तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.