परिचारिका : सेवा आणि वेतन

उत्तर दिल्लीतील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय उभे आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, यांची कोठी या टेकडीवर होती. तिच्यावरूनच रुग्णालयाला हे नाव मिळाले. १८५७ च्या संग्रामात तोफांच्या माऱ्याने ती कोठी जर्जर झाली. आज तेथे महानगरपालिकेच्या या रुग्णालयात सामान्य माणसे उपचारांसाठी येतात. अशा सार्वजनिक रुग्णालयांच्या कक्षांतच, रुग्णांच्या खाटांशेजारी उभे राहून, परिचर्येचे खरे शिक्षण मिळते.

‘हे शिक्षण घ्यावेसे का वाटले?’ असा प्रश्न परिचर्येच्या विद्यार्थिनीला हमखास विचारला जातो. ‘रुग्णांची सेवा करायची आहे,’ हे उत्तर सर्वांना आवडते. ‘नोकरी मिळेल, घराला आधार होईल,’ असे कोणी म्हटले, तर मात्र ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. वास्तविक ही दोन्ही उत्तरे एकाच मनात सुखाने नांदू शकतात. पोटाची चिंता घेऊन आलेली मुलगी रुग्णाची काळजी मनापासून घेणार नाही, हा समज निराधार आहे.

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले आणि स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. परक्या माणसांची शुश्रूषा करणे हे त्या काळी कुलीन स्त्रीला कमीपणाचे मानले जात असे. रमाबाईंनी या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्याच वेळी निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. संस्थेच्या नावात सेवा होती, तशीच तिच्या उद्दिष्टांत स्त्रियांची मिळकतही होती.

परिचर्येला माया हवीच. पण केवळ मायेने ती साधत नाही. ती कष्टाने शिकावी लागणारी विद्या आहे. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत या पाचही गोष्टी पडताळून पाहाव्या लागतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा पाठीला, कमरेला आणि टाचांना जखमा होतात. नाडीत किंवा श्वासात झालेला बदल डॉक्टर फेरीवर येण्यापूर्वी परिचारिकेच्याच लक्षात यावा लागतो.

या विद्येचे सामर्थ्य मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसून आले. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयाच्या आवारातच पाशवी हल्ला झाला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांना अंथरुणातील जखमांपासून जपले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला. या परिचारिका पगारदार होत्या, पाळीपाळीने कामावर येत होत्या. नंतरच्या पिढीतील परिचारिकांनी तर अरुणाताईंना कधी हिंडता-फिरताना पाहिलेही नव्हते. वेतन घेतल्यामुळे त्यांच्या सेवेचे मोल कमी झाले, असे कोण म्हणेल?

समाज मात्र पुष्कळदा ‘सेवा’ या शब्दाआड आपले कर्तव्य विसरतो. २०२० साली करोनाच्या साथीत आरोग्यसेवकांसाठी देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. त्याच वर्षी हिंदूराव रुग्णालयातील डॉक्टरांना आणि परिचारिकांना थकलेल्या वेतनासाठी आंदोलन करावे लागले. टाळ्यांनी घरभाडे भागत नाही आणि मुलांची शाळेची फी भरता येत नाही. एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपविले, तर दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम वहीतच राहतो. त्याचे दुखणे शेवटी रुग्णाच्या पाठीवर उमटते.

वेळेवर पगार घेऊनही रुग्णांवर खेकसणाऱ्या परिचारिका आढळतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. आजारी माणसाला औषधाइतकीच धीराच्या शब्दाची गरज असते आणि तो न देणाऱ्या परिचारिकेला जाब विचारलाच पाहिजे. परंतु कामाचा मोबदला चोख देणाऱ्यालाच चोख कामाची अपेक्षा करणे शोभते.

मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांनाही, आवश्यक ते विषय आणि गुण असल्यास, परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी आहे. घरची जबाबदारी सांभाळून शिकणाऱ्या ज्या मुली आणि मुले या वाटेने जातील, त्यांनी आपली गरज सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही. रात्रपाळीत तिसऱ्या प्रहरी, कोणी पाहत नसताना, त्या परक्या रुग्णाची कूस वेळेवर बदलली जाते की नाही, यावरच त्यांची पारख व्हावी.