जंतूचा सातबारा मागू नका

मूळचे कोण आणि उपरे कोण, हा आपला जुना वाद आता डीएनएच्या भाषेत चालतो. त्यात पोटातल्या जंतूंनाही साक्षीला ओढलं जातं, आणि तेही अर्धवट वाचून.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, जठरात अल्सर करणारा. तो बहुतेकदा लहानपणी घरातूनच मिळतो, त्यातही आईकडून. त्यामुळे माणसं जिथे गेली तिथे तोही गेला आणि त्याच्या जनुकांत त्या प्रवासाच्या खुणा उरल्या. माणसाबरोबर तो सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून निघाला, असं २००७ साली 'नेचर'मधल्या अभ्यासाने मांडलं. इथवर ठीक.

मग २०१६ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्झीच्या पोटातल्या जंतूचा जीनोम वाचला गेला. ओत्झी ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचा जंतू आजच्या युरोपी जंतूंपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जंतूंना जवळचा निघाला. म्हणून ओत्झीचे पूर्वज आपल्याकडचे? गिटच्या दोन ब्रँचमध्ये जुना कोड सारखा दिसला, म्हणून एक ब्रँच दुसरीतून निघाली असं कुणी म्हणत नाही. दोन्हींच्या मागे एकच जुना कमिट असू शकतो. आजच्या युरोपी जंतूत आफ्रिकेकडचा मोठा अंश आहे, ओत्झीच्या जंतूत तो जवळपास नव्हता. म्हणजे युरोपातलं ते मर्ज बरंचसं त्याच्यानंतर झालं. अभ्यास एवढंच सांगतो. आणि ओत्झी हा एकच माणूस, एकच नमुना.

शिवाय या जंतूत 'शुद्ध' असं काही फार टिकत नाही. एका पोटात दोन वाण भेटले की जनुकांची अदलाबदल सुरू होते. पत्रिका बघत नाहीत बिचारे.

आमच्या कऱ्हाटीत, बारामती-इंदापूरकडे, हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांना आपण सहज 'बाहेरचे' म्हणतो. त्याच कऱ्हेच्या काठी, मोरगावला, आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या घडवणारे बहुधा आपली, म्हणजे होमो सेपियन्सची, पावलं इथे उमटण्याच्या कितीतरी आधीचे. त्यांच्यासमोर कुठला सातबारा काढणार?

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी जंतूवरून कुणाचं मूळ सांगितलं, तर तीनच प्रश्न टाका: नमुने किती लोकांचे, कुठल्या गावांतले, आणि सरमिसळ मोजली का?