पाऊल, पै आणि औषध

आषाढीच्या या पुरवणीत चालणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते उचितच आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र आज धावणाऱ्यांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. मुंबईत २००४ साली मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि पाहता पाहता महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून ही रीत पसरली. पहाटेच्या गारव्यात छातीवर क्रमांक लावून स्त्री-पुरुष धावतात. त्यांपैकी कित्येकजण एखाद्या रुग्णसेवी संस्थेसाठी आप्तेष्टांकडून देणग्या गोळा करतात. आमच्याकडील वृद्ध मंडळींना याचे हसू येते. एकाच्या धावण्याने दुसऱ्याची गाठ विरघळते काय, असे ते विचारतात. प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे. कारण घरातील एका दुखण्यापायी शेत गहाण पडल्याची उदाहरणे गावोगावी आहेत, आणि दानाचा रुपया नेमका कोठे पोचतो यावर कोणाचे तरी जगणे अवलंबून असते.

या रीतीचे निर्मळ रूप पाहावयाचे तर कॅनडातील एका तरुणाकडे जावे लागते. टेरी फॉक्स त्याचे नाव. १९७७ साली, ऐन अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात भोवतालच्या रुग्णांचे जे हाल त्याने पाहिले, ते त्याला स्वस्थ बसू देईनात. १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिक समुद्रात आपला कृत्रिम पाय बुडवून तो पश्चिमेच्या समुद्राकडे धावत निघाला. संकल्प असा, की दररोज सुमारे ४२ किलोमीटर धावावयाचे आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी मागावयाचा. प्रारंभी कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे पोर्ट-ओ-बास्क नावाच्या, दहा हजार वस्तीच्या गावाने त्याच्या हाती दहा हजारांहून अधिक डॉलर ठेवले. माणशी एक डॉलर! मग साऱ्या देशाकडे त्याने तेवढेच मागितले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी, रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. पॅसिफिकचे पाणी त्याच्या पायाला लागले नाही. परंतु १९८१ च्या फेब्रुवारीत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांच्या वर गेला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येला जाऊन भिडला. त्याच वर्षी २८ जून रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने देह ठेवला.

त्याची एक अट आम्हांला विशेष मोलाची वाटते. कंपन्यांनी दिलेली गाडी, इंधन, जोडे हे त्याने घेतले. पण बदल्यात आमच्या मालाची वाखाणणी कर, असे म्हणणाऱ्याला त्याने दारातूनच परत पाठविले. त्याच्या नावाने भरणाऱ्या धावेत आजही चढाओढ नसते. चालत आला तरी चालतो, चाकाच्या खुर्चीतून आला तरी चालतो. आपल्याकडील काही धावांच्या सदऱ्यांवर पुरस्कर्त्यांची नावे इतकी दाटीने छापलेली असतात, की ज्या रोगासाठी धावावयाचे त्याचे नाव भिंगातून शोधावे लागते!

माणशी एक नाणे, ही कल्पना याहूनही जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओने गाठले होते. १९३८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने त्या रोगाविरुद्ध संस्था निघाली आणि लोकांना डाइम, म्हणजे डॉलरचा दहावा भाग, पाठविण्याची विनंती झाली. पाकिटांतून आलेल्या नाण्यांचा अध्यक्षांच्या निवासस्थानी ढीग पडला. याच संस्थेच्या पैशावर डॉ. साल्क यांचे संशोधन उभे राहिले आणि १९५५ साली लस सिद्ध झाली.

आपल्या परंपरेत आरोग्यासाठी दान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात नंदिपुराणाच्या आधाराने आरोग्यदानाचे विवेचन आले आहे. त्यातील तपशील मनन करण्याजोगा आहे. आरोग्यशाळा बांधा, एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाही. तीत उत्तम औषधे हवीत, सेवक हवेत, त्यांच्या राहण्याची सोय हवी आणि वैद्य तर शास्त्र जाणणारा व अनुभवी हवा, असे तो बजावतो. चारही पुरुषार्थ आरोग्यावर अवलंबून, ही त्यामागची मीमांसा. आजचा दाता नेमका येथेच अडखळतो. इमारतीला देणगी मिळते, कारण तेथे संगमरवरी पाटी लागते. परिचारिकेच्या पगारावर पाटी कोठे लावणार? औषध तर रुग्णाच्या पोटात गेले की संपले. किरकोळ देणग्यांचे महत्त्व आहे ते यासाठी. पन्नास रुपये देणारा पाटी मागत नाही. त्याचे पैसे बिननावाच्या खर्चाकडे वळविता येतात.

जागृतीचेही असेच आहे. केवळ फलक लावून आणि घोषणा देऊन जागृती होते, हा एक सुखद भ्रम आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे उदाहरण घ्या. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठा प्रयोग केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. कार्यकर्ते घरोघर गेले, समजावून सांगितले, गावातच तपासणीची सोय केली. पैसा आला तोही एका परदेशी धर्मादाय प्रतिष्ठानाच्या देणगीतून. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तेथे आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणी एकदाच, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. संकोचाने अंग चोरणारी बाई एकदा तपासणीच्या खोलीपर्यंत आली, यासाठी कोणाला तरी तिच्या उंबऱ्याशी बसावे लागले असेल. त्या बसण्याला पैसा लागतो, आणि तो कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

म्हणून धावणाऱ्याला नमस्कार करून एवढे विचारावेसे वाटते, की प्रवेशशुल्क म्हणजेच दान असे आपण समजत नाही ना? त्या शुल्कातून सदरा, पदक, पाणी, मांडव यांचा खर्च भागतो. संस्थेला काय पोचले हे वेगळे विचारावे लागते. संस्थेकडे गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब मागण्यात अविश्वास नाही. देवस्थानाचा हिशेब आपण मागतो, मग रुग्णसेवेचा का मागू नये?

आणि एक जागृती अशी आहे की जिला देणगी लागत नाही आणि धावावेही लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आहेत. शिवाय देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करावयाची आहे. ज्याच्यासाठी ही तरतूद झाली त्याच्या कानी ती बहुधा पडलेलीच नसते. तो सावकाराच्या दारी जातो. एकादशीपासून चातुर्मास लागेल, गावोगावी कीर्तने होतील. आरतीचे तबक फिरत असताना श्रोते जागेवरच असतात. तेवढ्या वेळात ही माहिती सांगून होते. यंदा आम्ही ती सांगणार आहोत, आणि ज्यांना कागदपत्रांविषयी विचारावयाचे असेल त्यांनी प्रसाद घेऊन जरा थांबावे.