किल्ली कुणाच्या हातात?

दिवाळी आटोपली की आमच्या सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं ना लाल दिवा ना रेडियम. गेल्या हंगामात अशाच एका ट्रॉलीला आमच्या गल्लीतला एक मुलगा मागून धडकला. रात्री साडेदहाची वेळ. मित्राच्या वाढदिवसाला ढाब्यावर गेला होता, तिथून बार्शीकडे परत येत होता. वय वर्षं बावीस. गाडी दसऱ्याला घेतलेली. पूजेचा हार वाळून हँडलला तसाच होता, असं पाहून आलेले सांगत होते.

आम्ही गल्लीतल्या बायका भेटायला गेलो. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून आवाज गेलेला. एक आजी म्हणाल्या, “वेळच भरली होती बघ त्याची.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. अशा वेळी दुसरं काय करणार?

पण बाहेर पडताना दारात त्याचा मित्र भेटला. त्या रात्री मागच्या गाडीवर होता तो. चपलेनं फरशी घासत म्हणाला, “काकू, ऐंशीच्या वर होता तो. मी हाका मारत होतो.”

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. वेळ भरली होती म्हणायचं, की काटा ऐंशीच्या वर होता म्हणायचं? पहिलं म्हटलं की आपल्याला पुढं काही करावं लागत नाही. दुसरं म्हटलं की मग प्रश्न सुरू होतात. गाडी कुणी घेऊन दिली? त्या रात्री किल्ली कुणी दिली? आणि ते प्रश्न फिरत फिरत आपल्याच ओट्यापाशी येऊन उभे राहतात. म्हणून बहुतेक आपल्याला ‘वेळ’ बरी वाटते.

माझी नणंद हायस्कूलला विज्ञान शिकवते. ती आली होती तेव्हा तिला विचारलं, ऐंशीनं धडकणं म्हणजे नेमकं काय गं? तिनं भाजीच्या कागदावर आकडेमोड करून दाखवली. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी कशावर आदळली, तर ते सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखं असतं. साठचा वेग असेल तर ती उंची होते चौदा मीटर, म्हणजे साडेचार मजले. आणि ऐंशीला? पंचवीस मीटर. आठ मजले! आमच्या भागातली पाण्याची टाकीसुद्धा एवढी उंच नाही. “वहिनी, वेग दुप्पट झाला की तडाखा दुप्पट होत नाही, चौपट होतो,” ती म्हणाली. टाकीच्या शिडीवर पोरगं चार पायऱ्या चढलं तरी आपण खालून ओरडतो. तेच पोरगं आठ मजल्यांच्या वेगानं समोरून जातं, तेव्हा आपण म्हणतो, “आमचा दादा गाडी लई भारी चालवतो हं!”

ब्रेकचं गणितही तिनंच सांगितलं. समोर काही दिसल्यापासून मेंदूनं हाताला ‘दाब’ म्हणेपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात ऐंशीच्या वेगातली गाडी बावीस मीटर पुढं गेलेली असते, म्हणजे दोन एस.टी. एकामागं एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर. ब्रेक अजून लागलेलाच नाही! त्यानंतर गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर, तेही रस्ता कोरडा आणि चांगला असेल तर. चाळीसच्या वेगात हेच सगळं मिळून वीस-बावीस मीटरमध्ये आटोपतं. मग अंधारात, रेडियम नसलेली ट्रॉली दिव्याच्या उजेडात तीस-चाळीस मीटरवर दिसली, तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

ट्रॉलीवाल्याची चूक नाही का? आहेच. कारखान्यांनी हंगामाच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी लावून घेतली पाहिजे. ती लावली आहे की नाही हे बघणाऱ्यांनी बघितलं पाहिजे, आणि नसेल तर ट्रॉली काट्यावर घेऊच नये. या मागणीसाठी महिला मंडळानं निवेदन द्यायला काहीच हरकत नाही, हळदी-कुंकवाच्या वाणापेक्षा ते उपयोगी पडेल. पण ट्रॉलीची चूक दाखवली म्हणून वेगाची चूक पुसली जात नाही. रस्त्याचंही तसंच. पूर्वी खड्डे होते, तेव्हा गाडी पस्तीसच्या वर जातच नसे. पाठीचे मणके ढिले व्हायचे, पण माणूस घरी यायचा. आता डांबर गुळगुळीत झालं, बायपास झाला, आणि पोरं बुंगाट सुटली.

केंद्र सरकारचा २०२२ सालचा रस्ते अपघातांचा अहवाल आहे. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. एकूण मृत्यूंपैकी शंभरात एकाहत्तर जण अतिवेगाचे बळी. आपल्या महाराष्ट्रातले १५,२२४. आकडे वाचून आपल्याला फारसं काही होत नाही, मला ठाऊक आहे. पण पंधरा हजारांना तीनशे पासष्टनं भागून बघा. रोज चाळीसच्या वर घरं.

मुलांना वेगाचं वेड लागलं कुठून? २००४ साली ‘धूम’ सिनेमा आला आणि त्याचं नाव गाड्या पळवण्यालाच चिकटलं. आपल्या वर्तमानपत्रांत तर मंगळसूत्र हिसकावणारेसुद्धा ‘धूम स्टाईल’ पळू लागले! पण सगळं खापर सिनेमावर फोडून कसं चालेल? सिनेमा तीन तासांचा, घर चोवीस तासांचं. घरात आपण काय बोलतो ते आठवून बघा. मुलगा दहावी पास झाला की, “बारावीला एवढे टक्के पाड, गाडी घेऊन देते.” जावई बघताना, “मुलाकडे कोणती गाडी आहे?” दोन दिवस मुलगा जेवला नाही की नवऱ्यापुढं रदबदली करायची, “अहो, घ्या ना, त्याच्या सगळ्या मित्रांकडे आहे.” आमच्या गल्लीतल्या त्या घरात याहून वेगळं काही झालं नव्हतं. आईनं पाटल्या मोडून पहिला हप्ता भरला होता. गाडीचा चेंदामेंदा झाला, बँकेचे हप्ते मात्र नंतरही चालूच राहिले.

हे दुसऱ्याच्या घरचं सांगून मी मोकळी होणार नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या गाडीसाठी त्याच्या वडिलांशी मीच आठ दिवस अबोला धरला होता. आणि गाडी आल्यावर रोज संध्याकाळी मी काय करत होते? फोन! “कुठं आहेस? किती वेळ? वरण गार झालं, ये पटकन.” तो गाडीवर असतानाच फोन उचलायचा, मान खांद्यात दाबून. “आलो, आलो, पाच मिनिटांत आलो!” ढाब्यापासून घर पाच मिनिटांत नाहीच येत. पाच मिनिटं म्हणाला की पाच मिनिटांत यायचं, म्हणजे वेग आलाच. ‘ये पटकन’ हे शब्द माझे होते.

आणि वाचतो तरी किती वेळ? घरापासून कॉलेज तीन किलोमीटर धरा. चाळीसनं गेलं तर साडेचार मिनिटं, साठनं गेलं तर तीन. दीड मिनिट वाचलं. तेवढ्यात नुकत्याच चढवलेल्या कुकरची पहिली शिट्टीही होत नाही!

आता आपल्या स्वतःबद्दल. गाडी चालवणाऱ्यांइतक्याच आपण मागं बसणाऱ्या. एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर, पदर चाकाकडे फडफडतोय. चालवणारा कट मारून ट्रकच्या पुढं जातो, आपण डोळे मिटतो. “अहो, हळू चालवा ना,” म्हटलं तर उत्तर ठरलेलं, “तू गप्प बस, मला कळतं.” आणि आपण गप्प बसतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं देशात दुचाकीवर मेली, त्यातली १४,३३७ मागं बसलेली होती. त्यात बायका किती, हे वेगळं सांगायला हवं का?

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागं बसणाऱ्यालाही. नसेल तर हजार रुपये दंड, आणि चालवणाऱ्याचं लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल गाडीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि छोटं हेल्मेट पाहिजे, आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आमच्या बाजारात मी तो पट्टा विचारला. दुकानदार हसला. दुसऱ्यानं शाळेच्या दप्तराचा पट्टा दाखवला! म्हणजे पट्टा मिळेल तेव्हा मिळेल, चाळीसचं मात्र दुकानात जाऊन आणावं लागत नाही. लेकरू मांडीवर असताना ‘गप्प बस’ ऐकून घेऊ नका, खाली उतरून उभ्या राहा. मी एकदा पानगाव फाट्यावर उतरले होते. यांना फार राग आला. लोक बघायला लागले म्हणून जास्तच आला. पण पुढं घरापर्यंत गाडी पस्तीसनं आली.

साडी नेसून बसणाऱ्यांनी मागच्या चाकाची जाळी काढू देऊ नका, हेही सांगून ठेवते. पोरं ‘लुक’ जातो म्हणून ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. मागच्या चाकाला झाकण आणि धरायला मूठ असलीच पाहिजे, असं मोटार वाहन नियमांत आहे, ती हौस नाही. आणि आपल्या कॉलेजच्या मुलीही मागं नाहीत बरं का! तोंडाला स्कार्फ, स्कार्फमध्ये कानाशी खोचलेला मोबाईल आणि स्कूटी पन्नासवर. मुलगी चालवते याचा आनंद मला कुणापेक्षा कमी नाही, पण मोबाईल स्कार्फमध्ये नको.

मुलगा अठराच्या आतला असेल तर गोष्ट फार गंभीर आहे. ‘जवळच तर जातोय, दळण आणायला’ म्हणून आपण किल्ली देतो. २०१९ साली कायदा बदलला. अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं हे आपणच सिद्ध करायचं. किती घरांत स्कूटी आईच्या नावावर असते! समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली, तर विमा कंपनी आधी भरून नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती या आरोपावरून गुन्हा नोंदला गेला. तेव्हा आपण सगळ्याजणी ‘बड्या बापाचा पोरगा’ म्हणून किती चिडलो! चिडायलाच हवं होतं. पण त्याच आठवड्यात आपल्याच गल्लीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं ट्रिपल सीट क्लासला जात होती, तेव्हा आपण ओट्यावरून हात हलवत होतो. आपल्याकडे महागडी मोटार नसते एवढंच.

माझ्या घरात मी आता दोन नियम केले आहेत. रात्री नऊनंतर गाडी बायपासला न्यायची नाही, आणि हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. मुलगा चार दिवस बोलला नाही. “आई, मित्र हसतात मला,” म्हणाला. हसू देत म्हटलं. मीही एक कबूल केलं आहे. तो बाहेर असताना मी फोन करत नाही. फार जड जातं. नऊ वाजून गेले की हात मोबाईलकडे जातो, तो मागं घेते आणि भांडी घासायला घेते.

परवा सकाळी त्यानं हेल्मेट हातात घेऊन माझ्यासमोर उभं राहून किल्ली मागितली. दिली. गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर गेली. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. वळणावर घालेल, असं मनाशी म्हटलं. पण फाटकातून वळण दिसत नाही. म्हणून धावत जिना चढून गच्चीवर गेले. वरून दिसलं. वळण मागं पडलं, दवाखाना मागं पडला, हेल्मेट कोपरातच.

दुपारी तो आल्यावर मी काही बोलले नाही. त्यानं किल्ली नेहमीच्या खुंटीला अडकवली. तो हात-पाय धुवायला गेला तेव्हा ती काढून मी तांदळाच्या डब्यात टाकली. संध्याकाळी बराच वेळ शोधत होता. मग स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “गच्चीवरून बघितलंस ना?”