कढीपत्त्यावरची अळी मारू नका

पावसाळा तोंडावर आला की वस्तीवस्तीत वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. पुढारी येतात, हारतुरे होतात, फोटो निघतात. रोपे मात्र नर्सरीत जी असतील ती. आम्हीही असे कार्यक्रम पुष्कळ केले. विहाराच्या आवारात आमच्या हातांनी लावलेला गुलमोहर उन्हाळ्यात लालभडक फुलतो, सावली देतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. इथल्या मोजक्याच अळ्यांना त्याचा पाला चालतो आणि त्याच्या शेंगांवर पाखरे जगत नाहीत.

त्याच आवारात कोपऱ्याला कुणीही न लावलेला एक उंबर आहे. पाखरांच्या विष्ठेतून आलेला. फळे पिकली की दिवसा बुलबुल, कोकीळ, तांबट आणि रात्री वटवाघळे. गेल्या वर्षी हा उंबर तोडावा असा विषय आमच्याच मंडळात निघाला. एक कारण कचऱ्याचे. दुसरे असे की, हे दत्ताचे झाड, आपल्या आवारात कशाला? आम्ही वकील असल्याने आधी १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम पुढे ठेवला. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. विषय थांबला, पण मने थांबली नाहीत. मग सांगावे लागले की, पाली परंपरेत कोणागमन बुद्धांचा बोधिवृक्ष उंबरच आहे, कस्सप बुद्धांचा वड आणि ककुसंध बुद्धांचा शिरीष. ही सारी इथल्याच मातीतली झाडे. त्यांवर दुसऱ्याचा शिक्का मारू देऊन आपणच ती सोडून द्यायची, हा कुठला विद्रोह?

देशी-परदेशी हे शब्द वापरताना आम्ही सावध असतो. माणसांच्या बाबतीत ही भाषा कोण बोलतो, ते आपण जाणतो. मिरची, पेरू, पपई समुद्रापलीकडून आली आणि आपली झाली. इथे प्रश्न फक्त एवढाच, की कुणाचे पोट कशावर भरते.

आता कुणी म्हणेल, दहा बाय बाराच्या खोलीत कसली झाडे? दारात तेलाच्या डब्यात कढीपत्ता तर असतो ना? त्यावर आणि लिंबावर काळी फुलपाखरे अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून ज्याचा मान केला, ते निळ्या ठिपक्यांचे मोठे फुलपाखरूही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. त्याची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. आमच्या आयाबहिणी ती दिसताच चिरडतात किंवा औषध मारतात. चार पाने तिला खाऊ द्यावीत, फोडणीला उरलेली पुरतात. चिमणीसुद्धा पिलांना दाणे नव्हे, अळ्या-किडे भरवते. अळ्या संपवून चिमण्यांसाठी नुसती लाकडी खोपी टांगण्यात अर्थ नाही.

नाल्याकाठची रुई तर फुकटची. तांबूस-केशरी पंखांच्या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर पोसतात. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, एवढेच.

संविधानाच्या कलम ५१क मधील प्राणिमात्रांबद्दलच्या दयाबुद्धीचे कर्तव्य १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. आपल्या सभांमधून हक्कांची कलमे पाठ म्हटली जातात, हे कलम क्वचितच.

यंदाच्या रोपांच्या यादीत आम्ही करंज, शिरीष आणि पळस लिहून दिले आहेत. उंबराखालचा कचरा झाडण्याची पाळी मंडळाने लावली असून पहिला आठवडा आमचा आहे.