ठसा कुणाचा?



मागच्या आठवड्यात पाथर्डीच्या आमच्या वर्गात बटाट्यांचा बाजार भरला होता. भाजीसाठी नाही बरं का! बटाटा अर्धा कापायचा, त्यावर चित्र कोरायचं, रंग लावायचा आणि हातरुमालावर उमटवायचं.

एका मुलीने उसाची बैलगाडी कोरली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. गाडी अशी झकास उमटली, की शेजारच्या मुलाने तोच ठसा घेऊन आपला रुमाल छापला. मला त्याचाच रुमाल आधी दिसला. मी तो फळ्यावर टांगला, खाली त्याचं नाव लिहिलं. टाळ्या झाल्या. ती मात्र मुसमुसत होती. "बाई, गाडी माझीये," एवढंच म्हणाली.

चूक माझी होती. मी विचारलंच नव्हतं.

आता घरातली एखादी चादर किंवा कुर्ता बघा. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी त्रिकोणी माणसं दिसतील. ती वारली चित्रं. पालघरकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण बाजारातल्या कितीतरी कापडांवर चित्र असतं, काढणाऱ्याचं नाव नसतं.

असं परदेशातही घडलंय. १९६६ साली ऑस्ट्रेलियात एक डॉलरची नवी नोट निघाली. तिच्यावर डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराचं झाडाच्या सालीवरचं चित्र छापलं, तेही त्यांना न विचारता! चूक कळल्यावर त्यांना एक हजार डॉलर, पदक आणि मासेमारीचं सामान दिलं गेलं.

त्याच देशातल्या बाथर्स्ट बेटावर १९६९ साली तिवी जमातीच्या दोन तरुणांनी 'तिवी डिझाइन्स' सुरू केलं. आधी लाकडी ठशांनी कागदावर, मग कापडावर छपाई. चित्रही त्यांचं, कापडही त्यांनीच छापलेलं!

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही रुमाल शेजारी शेजारी टांगले. खाली लिहिलं, 'ठसा तिचा, छपाई दोघांची.' मुलाने आपणहून "चुकलं" म्हटलं आणि स्वतःची शेळी कोरायला घेतली. शेळीला पाच पाय झाले, पण ती त्याची होती!

तुम्हीही करून बघा. कापलेला बटाटा फडक्याने कोरडा करा. कोरताना मोठ्यांना जवळ बसवा. अक्षर कोरायचं तर उलटं कोरा. कापडाखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवा. कापडाचाच रंग स्पंजने ठशावर लावा, दाबा, सरळ वर उचला. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.

आणि कोपऱ्यात नाव घालायला विसरू नका. चित्र दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, मग त्याचंही नाव घाला.

तुमच्या बाई